शैली शोधावी की बाही बसवावी?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी सत्तावीस वर्षांची आहे. फॅशन डिझाइनचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून मी एका नामवंत डिझायनरकडे पॅटर्न कापण्याचे आणि ट्रायलच्या वेळी फिटिंग दुरुस्त करण्याचे काम करते. आमचे सर म्हणतात, “तुझा हात चांगला आहे, पण तुला स्वतःची शैली नाही.” माझ्याबरोबर शिकलेल्या दोन मैत्रिणींनी स्वतःचे लेबल सुरू केले आहे. त्या रोज काही ना काही ऑनलाइन टाकतात आणि त्यांच्या नावाची चर्चा होते. मी मात्र अजून मांजरपाटावर टाचण्याच लावते आहे, म्हणजे खऱ्या कापडाआधी साध्या सुती कापडावर फिटिंग जुळवते आहे. मध्यंतरी मी पॅरिसमधले डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांच्याविषयी बरेच वाचले. ते मुलाखती देत नसत, गर्दीत मिसळत नसत, तरी त्यांचे नाव आजही सर्वांत आदराने घेतले जाते. आजच्या काळात असे राहून काम करता येईल का? शैली म्हणजे नेमके काय आणि ती येते कशी? आणखी एक विचारायचे आहे. आमच्याकडे येणाऱ्या एक बाई ट्रायलच्या वेळी म्हणाल्या, “हा डौल उंच, बारीक आणि श्रीमंत बायकांनाच शोभतो.” त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे का?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते. त्या बाईंना काय उत्तर द्यायचे हे ज्या शिवणाऱ्याला कळले, त्याला शैलीचा आणि प्रसिद्धीचा प्रश्न फार काळ छळत नाही. शिवाय बालेन्सियागा यांचे नाव तुम्हीच काढले आहे, आणि समोरच्या माणसाचे अंग जसे आहे तसे स्वीकारून त्याला डौल कसा द्यायचा, यावरच त्यांनी आयुष्यभर काम केले.

ते फार कमी बोलले हे तुम्ही वाचलेले खरे आहे. म्हणून डौल, काम आणि शैली यांविषयी त्यांचे मत काय होते ते त्यांच्या वाक्यांत शोधून फारसे हाती लागत नाही. ते शिवणीत शोधावे लागते, आणि तिथे ते अगदी स्वच्छ दिसते. सुरुवात बाहीपासून करू या, कारण त्यांचे मन सर्वांत जास्त अडकायचे ते बाहीतच. पूर्ण झालेल्या कपड्याची बाही मनासारखी बसलेली नसेल, तर ते ती सरळ उसवून काढत आणि पुन्हा बसवायला घेत, ही गोष्ट त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती त्यांची ओळखच होऊन बसली आहे.

बाहीचे काम तुम्ही रोज करता, तरी मी ते इथे थोडे उलगडून मांडते. मुंढा, म्हणजे कपड्यातले बाही जोडण्याचे भोक, खाली आणि सैल कापला की हाताला मोकळीक मिळेल, असे नवशिक्याला नेहमी वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. मुंढा खाली उतरला की बाही कपड्याच्या अंगाला बगलेच्या बऱ्याच खाली जोडली जाते, आणि हात वर केल्याबरोबर सगळा कोटच वर ओढला जातो, खांदे कानांपर्यंत चढतात, कॉलर मानेवरून सुटते आणि समोरचे पल्ले एकमेकांपासून फाकतात. मुंढा बगलेच्या जवळ, उंच ठेवला, तर हात आपल्या जागी फिरतो आणि कोट आपल्या जागी राहतो. आता उंच मुंढ्यात बाही बसवणे अवघड असते, कारण चूक लपवायला तिथे जागाच नसते. बाहीच्या वरच्या गोलाईची लांबी मुंढ्याच्या घेरापेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते, ती जादा लांबी दोन धावदोऱ्यांनी आवळून, वाफेच्या इस्त्रीने, एकही चुणी न दिसता आत जिरवावी लागते, आणि बाही सरळ खाली न लोंबता किंचित पुढे झुकलेली बसवावी लागते, कारण माणसाचा हात सहज सोडला की तोही थोडा पुढेच येतो. हा पुढचा झोक माणसागणिक वेगळा असतो. दिवसभर टेबलाशी वाकून काम करणाऱ्या बाईचा खांदा आणि ताठ उभी राहणाऱ्या नर्तिकेचा खांदा यांना एकाच पॅटर्नची बाही चालत नाही.

एवढे सगळे नीट साधले की बघणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. दिसते ते इतकेच की ती बाई दार उघडते, पेला उचलते, कुणाच्या खांद्यावर हात ठेवते, आणि तिचा कपडा एकदाही तिच्या आड येत नाही. तिला मधूनमधून कोट खाली ओढावा लागत नाही. तिचे लक्ष स्वतःच्या कपड्यावरून उडते आणि समोरच्या माणसाकडे जाते. डौल म्हणतात तो मला तरी इथेच सापडतो, आणि तो उंचीवर किंवा वजनावर अवलंबून नाही. त्यामुळे त्या बाईंना खरे उत्तर शब्दांनी देता येण्यासारखे नाही. त्यांच्या मुंढ्याने ते द्यायचे आहे.

बालेन्सियागा यांची इतर कामेही याच दिशेने जातात. त्यांच्या अनेक सुटांची कॉलर मानेला चिकटून न बसता किंचित मागे सरकलेली असते, त्यामुळे मान आखूड असली तरी मोकळी आणि लांब दिसते. बाही मनगटाच्या वरच संपते, त्यामुळे हाताचा सर्वांत नाजूक भाग उघडा राहतो आणि हाताच्या हालचालीला एक शेवट मिळतो. 1951 च्या सुमारास त्यांनी पुढून अंगासरशी आणि पाठीमागे सैल असा सूट आणला. पुढून आकार आहे, पण पाठीमागे कापड अंगापासून दूर राहते, त्यामुळे पाठ रुंद असो की वाकलेली, ती कुणाच्या नजरेत येत नाही, आणि चालताना कापड व अंग यांच्यामध्ये हवा खेळते. वय वाढलेल्या, पोट थोडे पुढे आलेल्या स्त्रिया त्यांच्याकडे वर्षानुवर्षे निष्ठेने जात राहिल्या, त्याचे कारण हे होते. आपले शो सादर करण्यासाठीही त्यांनी ठरावीक अर्थाने देखण्या मॉडेल निवडल्या नाहीत. चालण्यात ठामपणा असलेल्या, चेहऱ्याने चारचौघींसारख्या स्त्रियाही त्यांच्याकडे असत, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या काळी पॅरिसमध्ये दुसरा मार्गही होता आणि तोही मोठ्या ताकदीचा होता. 12 फेब्रुवारी 1947 रोजी क्रिस्तियान दियोर यांनी आपला पहिला संग्रह दाखवला. त्यात कंबर आवळलेली, नितंबांवर आतून भर दिलेला आणि घागऱ्याचा घेर प्रचंड होता. कपड्याच्या आत एक दुसरे शरीरच बांधलेले असायचे. युद्धाच्या टंचाईतून नुकत्याच बाहेर पडलेल्या स्त्रियांना तो घेर हवासा वाटला, यात आश्चर्य नाही, आणि ते काम करणारे हातही असामान्य होते. पण तुमच्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईंनी मनात धरलेला डौल बहुधा हा आहे, म्हणजे आधी शरीर ठरावीक आकाराचे हवे आणि मग कपडा. बालेन्सियागा यांनी आकार शरीरावर न लादता कापडात बांधला. या दोन मार्गांपैकी तुमचा कोणता, हे तुम्हालाच ठरवायचे आहे. माझा कल कुठे आहे तो लपून राहिलेला नाही.

पैशाचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. ओत कुत्युर, म्हणजे ग्राहकाच्या मापाने शिवलेल्या उंची पोशाखांचा धंदा, कधीही सगळ्यांसाठी नव्हता. फ्रान्समध्ये हे नाव कायद्याने राखीव आहे. ते वापरायचे तर पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा असावी लागते, तिथे ठरावीक संख्येने पूर्णवेळ कारागीर असावे लागतात, आणि खासगी ग्राहकांसाठी मापाने, ट्रायल घेऊन कपडे शिवावे लागतात. एका पोशाखात शेकडो तास हातशिलाई जाऊ शकते, आणि ते तास कुणाला तरी विकत घ्यावे लागतात. म्हणून त्या बाई जेव्हा श्रीमंतीचे नाव घेतात तेव्हा त्या काही खोटे बोलत नाहीत. पण त्या महाग कामातले जे शिकण्यासारखे आहे ते महाग नाही. उंच मुंढ्याला खाली उतरलेल्या मुंढ्यापेक्षा जास्त कापड लागत नाही, मांजरपाटाची एक ट्रायल वाढवली तर खर्च मुख्यतः वेळेचा होतो, आणि आतली माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेले जादा कापड, नीट दाबून इस्त्री केली की साध्या सुती जाकिटाचीही रया बदलते. दियोर यांनीच 1954 साली डौलाविषयी लिहिताना वेगळेपण, सहजता, निगा आणि साधेपणा या चार गोष्टींचा योग्य मेळ असे म्हटले होते, आणि या चारांपैकी एकही पैशाने आपोआप येत नाही. निगा तर मुळीच नाही. बसलेले बटण, घासलेला बूट, उसवण्याआधीच टाका घातलेले हेम म्हणजे खालच्या काठाची दुमड, एवढ्याने माणूस नीटनेटका आणि शांत दिसतो, आणि हे कुणीही करू शकते.

आता तुमच्या कामाकडे येऊ. तुमच्या पत्रात “मी अजून मांजरपाटावर टाचण्याच लावते आहे” हे वाक्य आहे, आणि ते वाचून मला वाईट वाटले, कारण तुम्ही ज्यांच्यासारखे होऊ पाहता त्यांच्याविषयी तुम्ही अर्धीच गोष्ट वाचली आहे. बालेन्सियागा यांचा जन्म 1895 साली स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरच्या गेतारिया या मासेमारीच्या गावी झाला. वडील दर्यावर्दी होते, ते मुलाच्या लहानपणीच वारले. आई शिवणकाम करून घर चालवी, आणि मुलगा तिच्या शेजारी बसून सुई धरायला शिकला. बाराव्या वर्षी तो सान सेबास्तियानला शिंप्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. 1917 साली त्यांनी तिथे स्वतःचे काम सुरू केले, पुढे माद्रिद आणि बार्सिलोनाला शाखा काढल्या, आणि स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर ते पॅरिसला आले. आवेन्यू जॉर्ज सँक या रस्त्यावर 10 क्रमांकाच्या इमारतीत त्यांनी पहिला संग्रह दाखवला तो 1937 च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा त्यांचे वय 42 होते. जगाला त्यांचे नाव तिथून माहीत झाले म्हणून त्यांची सुरुवात तिथे झाली असे आपण समजतो, पण त्यांच्या हाताने तोवर तीस वर्षे कापड कापले होते.

कोको शानेल सहसा समकालीनांचे कौतुक करीत नसत. त्यांनीही बालेन्सियागा यांच्याविषयी असे मत दिले होते की खऱ्या अर्थाने कुत्युरिए, म्हणजे असे उंची पोशाख घडवणारे, तेवढे एकच आहेत, कारण कापड कापणे, जुळवणे आणि हाताने शिवणे हे सगळे त्यांना स्वतःला येते आणि बाकीचे केवळ चित्रे काढणारे आहेत. या मतात इतरांवर थोडा अन्याय आहे. कागदावर उत्तम रेखाटून निष्णात कारागिरांकडून काम करवून घेणारे फार मोठे डिझायनर होऊन गेले आहेत. पण तुमच्यासाठी त्यातला अर्थ महत्त्वाचा आहे. तुमचे सर जेव्हा तुमचा हात चांगला आहे म्हणतात तेव्हा ते तुमचे भांडवल कोणते ते सांगत असतात. पुढचे अर्धे वाक्य ऐकून तुम्ही पहिले अर्धे विसरलात.

पॅरिसमधल्याच डिझायनर मादलेन व्हिओने यांचे उदाहरणही इथे द्यायला हवे. त्यांचा जन्म 1876 चा. अगदी लहान वयात त्या शिवणघरात कामाला लागल्या, कालो भगिनींकडे आणि नंतर दुसे यांच्याकडे त्यांनी नोकरी केली, आणि 1912 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, स्वतःचे फॅशन हाउस उघडले. त्या चित्र काढून कपडा ठरवत नसत. अर्ध्या मापाच्या लाकडी पुतळ्यावर कापड टाकून, ते फिरवून, टाचून बघत. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर ओढले तर फारसे ताणले जात नाही, पण तेच उरेब, म्हणजे तिरके, धरले की ते अंगाबरोबर वळते आणि स्वतःच्या वजनाने खाली ओघळते. उरेब कापड शिवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की ते काही काळ टांगून ठेवल्याशिवाय हेम करता येत नाही, कारण ते एका बाजूला जास्त उतरते आणि घेर वाकडा होतो. व्हिओने यांनी उरेब कापाचा उपयोग केवळ पट्ट्यांपुरता न ठेवता सबंध झगा त्यावर तोलला, त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त पन्ह्याचे कापड विणून घेतले, आणि आतल्या आवळणाऱ्या काचोळ्यांशिवाय शरीराला आकार दिला. आज ज्याला आपण व्हिओने यांची शैली म्हणतो ती एका धाग्याच्या दिशेविषयीच्या हट्टातून आलेली आहे.

आता तुमच्या शैलीच्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे झाले. बालेन्सियागा यांचे काम ओळीने लावून पाहा. 1947 साली त्यांनी पिंपासारखा गोलसर, पाठीत फुगीर असा जाकिटाचा आकार आणला. 1951 साली तो मघाचा पुढून बसलेला आणि मागे सैल सूट आला. 1955 साली कंबरेवर न थांबणारा ट्युनिक आला. 1957 साली कंबर पूर्णपणे सोडून देणारा सॅक ड्रेस आला, आणि त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्याची भरपूर टवाळी केली. 1961 साली एकाच शिवणीचा कोट झाला. 1958 मध्ये झुरिकच्या अब्राहम या रेशीम कंपनीच्या गुस्ताव झुमस्टेग यांच्याबरोबर त्यांनी गझार नावाचे ताठ, तरीही हलके रेशमी कापड विकसित केले होते. 1967 साली त्याच गझारमधून, मोजक्या शिवणींत, त्यांनी विवाहाचा पोशाख उभा केला, आणि तो आजही बघणाऱ्याला थक्क करतो. वीस वर्षांच्या या ओळीत प्रत्येक हंगामाला नवी कल्पना दिसत नाही. कापड अंगापासून दूर ठेवूनही अंगाचा मान कसा राखायचा आणि शिवणी कमी करत कुठवर जाता येईल, हा एकच विचार पुन्हा पुन्हा, अधिक धीटपणे केलेला दिसतो. लोकांनी त्याला शैली हे नाव नंतर दिले. त्या त्या वर्षी त्यांच्यासमोर फक्त मागच्या हंगामात न सुटलेली अडचण होती.

तेव्हा सरांनी तुम्हाला शैली नाही म्हटले, याचा मी असा अर्थ घेते की तुमच्या कामात अजून एकच एक हट्ट दिसत नाही. सरांचे निरीक्षण बरोबर असेलही. दिवसभर दुसऱ्याचे पॅटर्न कापणाऱ्या माणसाला स्वतःचा हट्ट धरायला जागा कुठून मिळणार? ती जागा तुम्हाला मुद्दाम काढावी लागेल, आणि त्यासाठी लेबल लागत नाही, नोकरीही सोडावी लागत नाही. एक जाकीट घ्या. एकच. ते स्वतःच्या मनाने कापा आणि एकमेकींपासून अगदी वेगळ्या अंगाच्या तीन स्त्रियांना बसवा, त्यांत एक वयस्कर अवश्य असू द्या. आधी मांजरपाटावर बसवा. त्यांना आरशासमोर ताठ उभे करून समाधान मानू नका. त्यांना खुर्चीत बसू द्या, उंच फळीवरून काही काढायला सांगा, खाली पडलेली वस्तू उचलायला सांगा, आणि त्या वेळी कापड कुठे ताणते, कुठे झोल पडतो ते टिपून ठेवा. प्रत्येक ट्रायलचे पुढून, बाजूने आणि मागून असे फोटो काढा. व्हिओने आपल्या प्रत्येक पोशाखाची अशीच तिन्ही बाजूंनी छायाचित्रे ठेवत, तीही मुख्यतः नक्कल करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी, आणि लेबलवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवत. तुमच्यासाठी त्या फोटोंचा उपयोग वेगळा आहे. काही महिन्यांनी ते शेजारी ठेवून पाहिले की तुम्ही न ठरवता कोणता निर्णय परत परत घेतला आहे ते तुम्हाला दिसेल. कदाचित तुम्ही दर वेळी खांद्याची शिवण पाठीकडे सरकवली असेल, कदाचित डार्ट, म्हणजे आकारासाठी घातलेली चिमटी, टाळला असेल, कदाचित खिसा हात सहज पडेल तिथे खाली घेतला असेल. जे परत परत आले ते धरून ठेवा आणि पुढच्या जाकिटात ते आणखी पुढे न्या.

आतल्या कामाला कमी लेखू नका. 2017 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बालेन्सियागा यांच्या कामाचे प्रदर्शन झाले. त्या निमित्ताने त्यांच्या काही पोशाखांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली गेली, तेव्हा घेर हवा तसा पडावा म्हणून आत शिवलेली छोटी वजने आणि आधाराच्या ताठ पट्ट्या दिसल्या. बाहेरून जे कापड आपोआप तसे पडले आहे असे वाटत होते, ते कुणीतरी विचार करून तसे पाडलेले होते. ट्रायलच्या खोलीत ग्राहक फक्त बाहेरची बाजू बघतो. तुम्ही मात्र प्रत्येक कपडा एकदा उलटा करून बघायची सवय लावून घ्या, सरांचाही.

नोकरीत राहावे की नाही, याविषयी माझे मत असे आहे की जोवर तुम्हाला ट्रायलच्या खोलीत जाऊ देतात, ग्राहकाच्या अंगावर टाचण्या लावू देतात आणि तुमची चूक तुम्हाला समजावून सांगतात, तोवर राहा. ही संधी स्वतःच्या लेबलच्या पहिल्या वर्षांत मिळत नाही, कारण तिथे कापडवाल्याची बिले आणि ऑर्डरच्या तारखा सांभाळण्यातच दिवस जातो. तुम्हाला फक्त टेबलापाशी बसवून ठेवले असेल आणि ग्राहकापासून दूर ठेवले जात असेल, तर आधी स्पष्ट मागणी करा, आणि ती नाकारली गेली तर दुसरी जागा शोधा. याच ओघात एक सांगते. बालेन्सियागा यांच्या कार्यशाळेतली शांतता आणि शिस्त यांच्या कथा वाचून काही मालक आपल्या कारागिरांना रात्र रात्र जागवतात आणि त्याला परंपरा म्हणतात. व्हिओने यांच्याकडे कामगारांसाठी डॉक्टर आणि दंतवैद्य होते, जेवणघर होते, पगारी रजा होती, आणि तेही या गोष्टी कायद्याने सगळीकडे लागू होण्याच्या आधी. उत्तम काम आणि थकलेले डोळे यांचा काहीही संबंध नाही. रात्री दोन वाजता लावलेली बाही सकाळी उसवावी लागते, हे मी शिकवताना वारंवार पाहिले आहे.

राहिला प्रसिद्धीचा प्रश्न. बालेन्सियागा यांचे मौन बघून तुम्हाला धीर आला, हे मी समजू शकते, पण त्या मौनाची कारणे नीट पाहायला हवीत. 1956 पासून त्यांनी आणि डिझायनर उबेर द जिव्हाँशी यांनी असा निर्णय घेतला की आपला संग्रह आधी खरेदीदारांना दाखवायचा आणि वार्ताहरांना सुमारे महिनाभराने. त्यामागे नक्कलांची खरी भीती होती. छायाचित्रे आणि रेखाटने बाहेर पडली की पैसे मोजून पोशाखाचा नमुना विकत घेणाऱ्यांच्या आधीच नक्कल करणारे बाजारात उतरत. पॅरिसच्या कुत्युर संघटनेचे सदस्यत्वही बालेन्सियागा यांनी घेतले नाही. हे सगळे त्यांना परवडत होते, कारण त्यांच्या दारात ग्राहक आधीच उभे होते आणि ते ग्राहकच त्यांच्याविषयी बोलत होते. वार्ताहरही रागावले तरी महिनाभराने येतच होते. तुमच्या दारात अजून कुणी उभे नाही. अशा वेळी मौन धरले तर कामाची राखण होत नाही, तुम्ही फक्त कुणाला सापडत नाही. आणि मौनाने सगळे काही टिकते असेही नाही. तयार कपड्यांचा काळ आला तेव्हा त्यात शिरण्याऐवजी बालेन्सियागा यांनी 1968 साली अचानक आपली फॅशन हाउसे बंद केली, आणि त्यांच्याकडे आयुष्य घालवलेल्या कारागिरांना दुसरीकडे काम शोधावे लागले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आंद्रे कुरेज आणि इमानुएल उंगारो यांनी त्याआधीच आपापली वेगळी वाट धरली होती, आणि ते दोघे लोकांसमोर मोकळेपणाने वावरत होते.

म्हणून तुम्ही लोकांना दिसावे असे मला वाटते, पण मैत्रिणींसारखे रोज काहीतरी टाकण्याची गरज नाही. तुमच्याकडे दाखवण्यासारखे जे आहे ते त्यांच्याकडे असेलच असे नाही. मांजरपाटाच्या पहिल्या ट्रायलपासून शेवटच्या जाकिटापर्यंत बाहीचा झोक कसा बदलला, हे चार फोटोंत आणि पाच-सहा साध्या वाक्यांत दाखवा. आतली बाजू दाखवा. ती वयस्कर बाई हात वर करून फळीवरचे काही काढते आहे असा फोटो तिच्या परवानगीने टाका, तो ताठ उभ्या मॉडेलच्या फोटोपेक्षा जास्त काही सांगेल. महिन्यातून एकदा टाकलेले असे काम बघून जे लोक येतील ते थोडे असतील, पण ते मुंढ्याविषयी विचारत येतील.

एक काळजी मात्र घ्या. सरांच्या कार्यशाळेत कापलेला पॅटर्न, तिथल्या ग्राहकाचा फोटो किंवा तिथे ठरलेला आकार, यातले काहीही स्वतःच्या नावावर टाकू नका, मग त्यातले सगळे टाके तुमच्या हातचे का असेनात. तुम्ही स्वतःच्या वेळात, स्वतःच्या कापडावर केलेले कामच तुमचे. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचा, आणि काही लिहिलेले नसेल तर सरांना सांगून, शक्य असल्यास लेखी, परवानगी घेऊन मगच पहिला फोटो टाका.